अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करताना: सॅटचे गुण कुठवर पुरतात आणि ‘ॲक्टिव्हिटी’ कुठे कामाला येतात

माझी मुलगी राज्य मंडळाच्या शाळेतून दहावी आणि पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजातून बारावी सायन्स करून अमेरिकेत बी.एस.ला गेली. तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले पालक फोन करतात आणि पहिल्या पाच मिनिटांत तेच दोन प्रश्न येतात. ‘सॅटला किती लागतात हो?’ आणि ‘आमची ही तबला शिकते, त्याचे किती धरतात?’ सॅट म्हणजे अमेरिकेतल्या पदवीच्या प्रवेशासाठी द्यायची १६०० गुणांची परीक्षा. दोन्ही प्रश्नांना आकड्यात उत्तर नाही. ते का नाही हे एकदा नीट कळलं की तयारीतला निम्मा गोंधळ कमी होतो, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

हा लेख बारावीनंतरच्या पदवीबद्दल आहे, एमएसबद्दल नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात एमएसला गेलेला एखादा भाचा किंवा दीर असतो आणि सल्ला त्याचाच घेतला जातो. एमएसचा प्रवेश बहुधा तो तो विभाग देतो. तिथे पदवीचे गुण, प्रोजेक्ट, कुठे कुठे जीआरई ही परीक्षा बघतात. तुम्ही शाळेत नाटकात होतात की नव्हतात याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पदवीचा अर्ज वेगळी माणसं वेगळ्या नजरेनं वाचतात. भाच्याला चहा पाजा, पण त्याच्या भरवशावर कॉलेजांची यादी करू नका.

आणि मी बोलतेय ती निवडक कॉलेजांबद्दल, म्हणजे शंभर अर्जांतले चार-पाच किंवा फार तर दहा-पंधरा घेणारी. अमेरिकेत हजारो कॉलेजं आहेत आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी बरे गुण असले की प्रवेश मिळतो. तिथे खालचं निम्मंही लागत नाही.

१. मेरिट लिस्ट डोक्यातून काढा

आपली सवय कट-ऑफची. अकरावीच्या प्रवेशापासून सीईटीपर्यंत सगळीकडे एक आकडा, त्याच्या उतरत्या क्रमानं लावलेली यादी आणि अमुक पर्सेंटाइलला बंद झालेलं कॉलेज. अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांत अशी यादी लागतच नाही. अर्ज वाचला जातो, त्यावर शेरे मारले जातात, समितीत चर्चा होते. १५८० वाला घरी आणि १५२० वाली आत, हे तिथे रोजचं आहे आणि त्याविरुद्ध दाद मागायची सोय नाही.

आत नेमकं काय चालतं हे कुणी सांगत नाही, पण एकदा ते कोर्टात सांगावं लागलं. हार्वर्डवर २०१४ मध्ये दाखल झालेला खटला २०१८ मध्ये बोस्टनमध्ये सुनावणीला आला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. वाद प्रवेशातल्या वंशाच्या निकषाचा होता. आपल्या कामाचं वेगळंच आहे: त्या सुनावणीत अर्ज वाचणाऱ्यांची आतली श्रेणीपद्धत उघड झाली. अभ्यास, अभ्यासेतर काम, खेळ, व्यक्तिमत्त्व असे वेगवेगळे खण आणि प्रत्येकाला १ ते ६ अंक, त्यात १ सगळ्यात वरचा. अभ्यासात २ मिळवायला शाळेतले उत्कृष्ट गुण आणि सॅटच्या प्रत्येक विभागात साधारण साडेसातशे किंवा वर पुरत होते. १ मिळवायला मात्र गुणांच्या पलीकडे स्वतंत्र विद्वत्तेचा काही पुरावा लागायचा. म्हणजे १५२० आणि १५८० यांना बऱ्याचदा एकच अंक. त्या साठ गुणांसाठी बारावीचा अख्खा ऑगस्ट-सप्टेंबर घालवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

अभ्यासेतर खणात ३ म्हणजे भाग घेतला, पण विशेष काही नाही. आपण ज्यांना ‘ऑलराउंडर’ म्हणून मिरवतो ती मुलं नेमकी इथे येऊन थांबतात. २ म्हणजे शाळेत किंवा परिसरात ठळक काम, १ म्हणजे राष्ट्रीय पातळीच्या तोडीचं काही. आणि एक अंक, ५, वेगळ्याच कामासाठी राखलेला होता: घरची जबाबदारी किंवा शिकता शिकता केलेली नोकरी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

एमआयटीनं २०२२ मध्ये सॅट पुन्हा सक्तीची केली तेव्हा त्यांचे प्रवेशप्रमुख स्टू श्मिल यांनी स्पष्ट लिहिलं होतं की विद्यार्थी इथला अभ्यास झेपवू शकतो एवढं गुणांवरून कळलं की त्यापुढे गुणांकडे बघत नाही. सॅटचं काम पत्रिकेसारखं आहे. ती पाहिल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत, पण छत्तीस गुण जुळले म्हणून लग्न ठरत नाही. (सॅटची बहीण असलेल्या एसीटी परीक्षेत कमाल श्रेणी ३६च आहे, हा निव्वळ योगायोग.)

२. परीक्षेच्या नियमानुसार यादीचे तीन गट करा

कोविडमध्ये जवळजवळ सगळ्यांनी सॅटची अट काढली आणि नंतर एकेकानं ती परत आणली. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाची माहिती आज शिळी असू शकते. कॉलेजच्या प्रवेशाच्या पानावर, तुमच्या प्रवेशवर्षासाठीचा नियम स्वतः वाचा.

पहिला गट सक्तीचा. एमआयटी, हार्वर्ड, कॅलटेक, डार्टमथ, ब्राऊन, स्टॅनफर्ड, कॉर्नेल यांनी अट परत आणली आहे. आपली मुलं हमखास अर्ज करतात ती जॉर्जिया टेक, पर्ड्यू आणि ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठही यातच. येलची पद्धत थोडी निराळी: सॅट किंवा एसीटी नसेल तर एपी (शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या विषयवार परीक्षा) किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय शाळांतलं एक मंडळ) यांचे गुण चालतात, पण काहीतरी द्यावंच लागतं.

दुसरा गट ऐच्छिक. कोलंबियानं २०२३ मध्ये अट कायमची काढल्याचं जाहीर केलं. शिकागो विद्यापीठानं तर कोविडच्या आधीच, २०१८ मध्ये. इथे गुण पाठवायचे की नाही हे तुम्ही ठरवता. ते कसं ठरवायचं, ते खाली येतंय.

तिसऱ्या गटात गुण बघतच नाहीत. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो वगैरे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या शाखा यात येतात. १६०० पैकी १६०० असले तरी तिथे प्रवेशासाठी उपयोग शून्य. तिथे शाळेचे गुण, चार छोटे निबंध आणि तुमच्या कामांची यादी यांवर सगळी मदार.

आता हत्यार सांगते, जे फुकट आहे आणि आपल्याकडे फार कमी लोक वापरतात: कॉमन डेटा सेट. बहुतेक कॉलेजं दरवर्षी एका ठराविक साच्यात आपली माहिती प्रसिद्ध करतात. कॉलेजच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ लिहून शोधलं की फाइल सापडते. त्यात ‘सी-७’ हा तक्ता काढा. शाळेचे गुण, परीक्षेचे गुण, निबंध, शिफारस, अभ्यासेतर काम, स्वभाव अशा एकेका गोष्टीपुढे ‘अति महत्त्वाचं’, ‘महत्त्वाचं’, ‘विचारात घेतो’, ‘घेत नाही’ यांपैकी एका खणात खूण केलेली असते. एमआयटीच्या तक्त्यात ‘अति महत्त्वाचं’ या खणात स्वभाव आणि व्यक्तिमत्त्व आहे, हे दाखवलं की आपले पालक माझ्याकडे संशयानं बघतात.

मग ‘सी-९’. प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी मधल्या पन्नास टक्क्यांचे सॅटचे गुण तिथे असतात. गुण ऐच्छिक असलेल्या कॉलेजसाठी सोपा नियम: तुमचे गुण त्या पट्ट्याच्या मध्यावर किंवा वर असतील तर पाठवा, खालच्या टोकाच्याही खाली असतील तर पाठवू नका. मधल्या संदिग्ध जागेसाठी डार्टमथचा अनुभव उपयोगी आहे. २०२४ मध्ये त्यांच्याच प्राध्यापकांच्या अभ्यासात दिसलं की साधनं कमी असलेल्या शाळांतली मुलं चौदाशेच्या आसपासचे गुण लपवत होती, आणि ते गुण त्यांच्या शाळेच्या मानानं इतके चांगले होते की पाठवले असते तर फायदाच झाला असता. गुण शाळेच्या आणि परिस्थितीच्या संदर्भात वाचले जातात. परभणीच्या अनुदानित शाळेतल्या मुलीचे १४३० आणि मुंबईतल्या महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेतल्या मुलाचे १४३० हे एकसारखे वाचले जात नाहीत.

३. सॅट: लक्ष्य ठरवा, गाठा, थांबा

परीक्षा आता पूर्णपणे लॅपटॉपवर किंवा टॅबलेटवर आहे. एकूण २ तास १४ मिनिटं. आधी वाचन-लेखन, मग दहा मिनिटांची सुट्टी, मग गणित. प्रत्येक विभाग ८०० गुणांचा आणि दोन भागांत विभागलेला. पहिला भाग कसा गेला यावर दुसरा सोपा येणार की कठीण हे ठरतं, आणि सोपा आला तर गुणांना वरून छत लागतं. म्हणून पहिल्या भागात घाई करून चुका करणं महागात पडतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईईच्या तालमीतली मुलं निगेटिव्हच्या भीतीनं इथेही प्रश्न सोडतात. ही सवय मुद्दाम मोडायला लागते.

आपल्या मुलांचं गणितात सहसा अडत नाही. घोडं अडतं ते वाचनात. उतारे छोटे असतात, प्रत्येकावर एकच प्रश्न. पण एक उतारा पेशीविज्ञानातला, पुढचा एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीतला, त्यापुढचा कवितेचा. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलाला शब्द अडत नाहीत, वाक्याचा पीळ अडतो. शिवाय अर्धविराम कुठे, अपूर्णविराम कुठे यावर हमखास प्रश्न असतात आणि आपल्याकडे विरामचिन्हं कुणी शिकवतच नाही. ही चिन्हं पंधरा दिवसांत पक्की होतात, वाचन होत नाही. म्हणून दहावीची परीक्षा संपल्यावरच्या लांबलचक सुट्टीत इंग्रजी वाचायला लावा. काय वाचतात याला फार महत्त्व नाही, रोज वाचतात याला आहे.

क्लास हवाच असं नाही. ब्लूबुक हे परीक्षेचंच ॲप आहे आणि त्यात पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा फुकट मिळतात. खान अकॅडमीचा अभ्यासक्रमही फुकट. गणिताच्या पडद्यावरच डेसमॉस नावाचं आलेख काढणारं कॅल्क्युलेटर असतं. ते सरावानं हाताला बसलं की काही प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतात.

माझं मत असं: पहिली परीक्षा अकरावीच्या शेवटी, दुसरी बारावीच्या सुरुवातीला, अगदीच गरज पडली तर तिसरी. बरीच कॉलेजं वेगवेगळ्या दिवशीचे प्रत्येक विभागातले सर्वोत्तम गुण एकत्र करून धरतात, त्यामुळे दुसऱ्यांदा एकाच विभागावर जोर देता येतो. मात्र जॉर्जटाऊनसारख्या काही ठिकाणी दिलेल्या सगळ्या परीक्षांचे गुण मागतात, म्हणून ‘बघू या कसं होतं’ म्हणून बसायला पाठवू नका. ‘बघू या’ घरी, ब्लूबुकवर.

परीक्षेच्या दिवसाच्या दोन सूचना. ब्लूबुकमध्ये परीक्षेची जुळणी आधीच्या काही दिवसांत करून प्रवेशपत्र काढावं लागतं, ते सकाळी केंद्राच्या दारात करायला जाऊ नका. आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्या. वर्गात प्रत्येक बाकाला प्लग असेलच असं नाही. मोबाइलवर परीक्षा देता येत नाही.

४. नववी ते बारावीचे गुण आणि ज्युनिअर कॉलेजची अडचण

सॅटच्या गडबडीत विसरतात ती गोष्ट ही की निवडक कॉलेजांत शाळेच्या चार वर्षांचे गुण परीक्षेपेक्षा बहुधा जड असतात. चार वर्षं म्हणजे नववी, दहावी, अकरावी, बारावी. आपल्याकडे नववी आणि अकरावी ही ‘आरामाची वर्षं’ मानलेली, आणि तिथे नेमकी तीही मोजतात. नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत घालू नका. टक्क्यांचं अमेरिकेतल्या चारच्या मोजपट्टीत (जीपीए) रूपांतर स्वतः करू नका. मंडळानं दिले तसे टक्के आणि गुण लिहा. भारतातले अर्ज वाचणाऱ्या माणसाला आपली मंडळं ओळखीची असतात.

खरी अडचण महाराष्ट्राची खास आहे. दहावीनंतर मूल शाळा बदलून ज्युनिअर कॉलेजात जातं. अमेरिकेच्या अर्जात शाळेतल्या समुपदेशकाचा अहवाल लागतो, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र तक्ता लागतो, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. आपल्या ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक बहुधा नसतो आणि एका तुकडीत शंभराच्या वर मुलं असतात. त्यात कॉलेजचं नाव एकीकडे आणि मुलगा दिवसभर जेईईच्या क्लासमध्ये, अशी ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था असेल तर शिक्षकांनी त्याला धड पाहिलेलंही नसतं. अमेरिकेचा विचार पक्का असेल तर अकरावीला कॉलेज निवडतानाच हा विचार करा. थोडं कमी नावाजलेलं, पण शिक्षक वर्गात येतात आणि मुलांना नावानं ओळखतात, असं कॉलेज इथे जास्त उपयोगी.

ट्रान्सक्रिप्टसाठी ऑफिसच्या खिडकीशी गेलो तेव्हा क्लार्क भाऊंनी सरळ विचारलं, ‘आम्ही मार्कशीट देतो, बोनाफाइड देतो, एलसी देतो. हे काय नवीन?’ त्यांचंही खरं होतं, त्यांच्याकडे तसा नमुनाच नव्हता. मग आम्हीच घरी तक्ता टाइप केला: वर्ष, विषय, कमाल गुण, मिळालेले गुण, तळाशी बारावीचे अपेक्षित गुण. तो कॉलेजच्या लेटरहेडवर छापून घेतला, प्राचार्यांची सही, गोल शिक्का, दिवस संपला. तुम्हीही तयार नमुना घेऊनच जा. ‘तुमच्या पद्धतीनं द्या’ म्हणालात तर महिना जाईल. एक बारीक गोष्ट: समुपदेशक म्हणून ज्यांचं नाव द्याल, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक, त्यांचा कॉलेजच्या नावाचा ईमेल असेल तर तोच द्या, आणि अर्जाच्या वेबसाइटवर ते पहिल्यांदा लॉगिन करताना त्यांच्या शेजारी बसा. त्यांच्या खात्यातून जायचं ते त्यांनीच भरायचं आहे. आपण फक्त बटण कुठे आहे ते दाखवायचं.

५. ॲक्टिव्हिटी: एक ना धड, भाराभर चिंध्या नकोत

आपल्या राज्य मंडळात चित्रकलेची इंटरमिजिएट दिली, शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या, राज्य पातळीवर खेळलं की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे छंद म्हणजे प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्र म्हणजे गुण, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पालक माझ्याकडे प्लास्टिकच्या पाकिटांची जाड फाइल घेऊन येतात: रंगभरण, श्लोकपठण, अबॅकस, ऑनलाइन प्रश्नमंजूषा. त्या फाइलसाठी अर्जात जागाच नाही.

जागा आहे ती अशी. बहुतेक कॉलेजांसाठी जो एकच सामायिक फॉर्म चालतो, त्या कॉमन ॲपमध्ये जास्तीत जास्त दहा कामं लिहिता येतात. प्रत्येकासाठी तुमची भूमिका लिहायला ५० अक्षरं आणि वर्णनाला १५० अक्षरं, स्पेस धरून. शिवाय कोणत्या इयत्तेत केलं, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे. पुरस्कारांसाठी वेगळ्या पाच जागा. एमआयटीचा फॉर्म स्वतंत्र आहे आणि तिथे तर चारच कामं विचारतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात कामं आणि पुरस्कार मिळून वीस.

तास आणि आठवडे का विचारतात? कारण वाचणारा मनात बेरीज करतो. दहा कामं आणि प्रत्येकाला आठवड्याचे दहा तास लिहिले, तर मूल झोपतं कधी?

दहा जागा आहेत म्हणून दहा भरायच्या नसतात. खोगीरभरतीनं चांगली दोन कामं झाकली जातात. क्रम महत्त्वाचा: जे सगळ्यात जास्त तुमचं, ते सगळ्यात वर.

आमच्या घरचं उदाहरण देते. फॉर्म इंग्रजीत असतो, इथे मराठीत सांगते. माझी मुलगी पेटी वाजवते. पहिल्या मसुद्यात तिनं लिहिलं होतं: ‘संगीताची मनापासून आवड. आठ वर्षं हार्मोनियम शिकले, अनेक परीक्षा दिल्या. त्यामुळे संयम आणि चिकाटी आली.’ यात एकही गोष्ट अशी नाही जी दुसऱ्या कुणी लिहिली नसती. आवड, संयम, चिकाटी हे शब्द काढून टाकले आणि ती नेमकं काय करते तेवढंच ठेवलं: ‘आजीच्या भजनी मंडळाला दर गुरुवारी साथ, कुठेच लिहून न ठेवलेल्या ४० चालींचं स्वरलेखन, मंडळातल्या ६ जणींना पेटी शिकवते.’ गांधर्व मंडळाची परीक्षा पुरस्कारांच्या खणात गेली, तीही ‘विशारद’ म्हणजे काय हे चार शब्दांत सांगून, कारण बोस्टनमध्ये बसलेल्या माणसाला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. चालींचं स्वरलेखन तिनं अर्जासाठी केलेलं नव्हतं. मंडळातल्या एक आजी गेल्या आणि त्यांच्या तीन चाली कुणालाच पूर्ण आठवेनात, तेव्हापासून ती वही सुरू झाली.

दुसरं उदाहरण बार्शीच्या एका मुलाचं. अर्जात लिहायला त्याच्याकडे ‘काहीच नाही’ असं त्याचं म्हणणं होतं. संध्याकाळी काय करतोस विचारलं तर म्हणाला, दुकानात बसतो. वडिलांचं किराणा दुकान, नववीपासून रोज तीन तास गल्ल्यावर. उधारीची वही त्यानं कॉम्प्युटरवर चढवली होती आणि कोणतं गिऱ्हाईक पेरणीच्या आधी किती उधार घेतं, सोयाबीन विकल्यावर किती फेडतं याचा तक्ता ठेवत होता. ‘त्यात काय सांगायचं काकू, दुकानच आहे.’ कॉमन ॲपच्या यादीत घरच्या जबाबदाऱ्या आणि पगारी काम हे वेगळे प्रकार दिलेलेच आहेत. धाकट्या भावंडांना सांभाळणं, आजारी आजोबांचं सगळं बघणं, शेतात काम करणं, हे सगळं तिथे लिहायचं असतं. त्या मुलाच्या अर्जात पहिल्या क्रमांकावर दुकान गेलं.

अभ्यासाशी जोडलेलं काम असेल तर त्याचं वजन वेगळं. गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी आयओक्यूएम, मग आरएमओ, मग आयएनएमओ; यात वरच्या पायरीवर पोचलेल्या मुलाबद्दल गणिताकडे झुकलेल्या कॉलेजांना फार समजवावं लागत नाही. पण हे आवडीनं करणाऱ्याचं काम आहे. अर्जासाठी म्हणून अकरावीत ऑलिम्पियाड सुरू करता येत नाही.

आता सापळे, कारण बाजार इथेच भरतो.

सल्लागार लाखांत पैसे घेतात आणि पहिली गोष्ट सुचवतात ती एनजीओ काढायची. अकरावीतल्या मुलीनं स्थापन केलेली संस्था, सुरेख लोगो, वेबसाइट, झोपडपट्टीत वह्या वाटतानाचे सहा फोटो, आणि प्रवेश झाला की संस्था बंद. अर्ज वाचणाऱ्यांनी अशा संस्था पोत्यानं पाहिलेल्या असतात. वस्तीत आधीपासून चालू असलेल्या अभ्यासिकेत दोन वर्षं शनिवारी गणित शिकवलं, हे त्यापेक्षा कितीतरी दमदार.

दुसरा, पैसे देऊन छापलेला शोधनिबंध. मुलाला त्यावर दोन मिनिटं बोलता येत नसेल तर तो अर्जात घालू नका. मुलाखत झाली तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

तिसरा, मोठ्या विद्यापीठाच्या आवारात होणारे महागडे उन्हाळी वर्ग. फी भरली की प्रवेश, असं असेल तर त्या विद्यापीठाचं नाव प्रमाणपत्रावर आलं म्हणून प्रवेशात काही वाढत नाही. मूल तिथे रमलं, काही शिकलं तर चांगलंच, पण ते सहल समजून करा.

आणि खोटं तर अजिबात लिहू नका. २०१९ मध्ये ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरण उघडकीला आलं तेव्हा खेळाडू नसलेल्या मुलांना खेळाडू दाखवणाऱ्या, सॅटमध्ये दुसऱ्याकडून उत्तरं लिहून घेणाऱ्या श्रीमंत पालकांना तुरुंगात जावं लागलं. आपल्यासारख्यांचं एवढं होणार नाही, पण मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि तो अगदी पदवीच्या मध्यावरही.

६. पत्रं आणि निबंध यांच्याशी सांगड

यावर वेगळा लेख लागेल, इथे एवढंच. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना ‘हुशार, मेहनती, आज्ञाधारक’ याच्या पुढे काही लिहिता यावं यासाठी मुलानं त्यांना एक पान द्यावं: वर्गात अडलेला एखादा प्रश्न, प्रयोगशाळेत घडलेली एखादी गोष्ट. पत्र मात्र सरांनीच लिहायचं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हा आपल्याकडचा प्रेमळ प्रस्ताव नम्रपणे नाकारा.

कॉमन ॲपचा मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा. कामांच्या यादीत जे आलंय ते निबंधात पुन्हा उगाळू नये.

७. पैशाचा प्रश्न आधी सोडवा

विषयांतर वाटेल, पण गुणांचा अर्थ यावर बदलतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अॅमहर्स्ट, बोडन अशा मोजक्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यानं आर्थिक मदत मागितली तरी प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी होतो, आणि मदत मागणाऱ्या परदेशी मुलाला गुण आणि काम दोन्ही त्या कॉलेजच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून परदेशी मुलांनी गरजेवर आधारित मदतीची अपेक्षा ठेवूच नये. घरात बसून वर्षाला किती झेपेल तो आकडा अकरावीतच कागदावर लिहा, मुलासमोर.

‘अर्ली डिसिजन’ नावाचा प्रकार बंधनकारक असतो: एकाच कॉलेजला करायचा आणि मिळालं तर बाकीचे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं. मदतीची तुलना करायची संधी त्यात जाते, हे समजूनच सही करा.

८. गोळा करायची कागदपत्रं

• पासपोर्ट. सॅटला ओळखपत्र म्हणून लागतो. अकरावीतच काढा, नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर जुळवा. वडिलांचं नाव मधे आहे की नाही यावरून पुढे फार डोकेदुखी होते.
• नववी, दहावी, अकरावीच्या गुणपत्रिका, मराठीत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर.
• बारावीचे अपेक्षित गुण आणि ट्रान्सक्रिप्ट, शिक्का-सहीसह.
• शाळेची माहिती देणारं एक पान: मंडळ, तुकडीतली मुलं, साधारण निकाल. कॉलेजकडे नसतं, मसुदा तुम्ही द्या.
• सॅट किंवा एसीटीचे गुण. बऱ्याच ठिकाणी अर्जात स्वतः लिहिलेले चालतात, अधिकृत नंतर पाठवता येतात. त्यामुळे आधीच सगळीकडे पैसे भरून पाठवू नका.
• इंग्रजीच्या परीक्षेचे गुण: टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो, कॉलेज मागेल ते.
• मदत मागणार असाल तर दोन्ही पालकांचे फॉर्म १६, प्राप्तिकर विवरणपत्रं, बँकेचे कागद.
• कामांची नोंदवही: काय, कधीपासून, किती तास. नववीपासून ठेवली तर बारावीत आठवत बसावं लागत नाही.

९. वेळापत्रक

दहावीनंतरची सुट्टी वाचनाला आणि एखादं काम नेटानं करायला. अकरावीच्या मार्च ते जूनमध्ये पहिली सॅट. बारावीच्या १ ऑगस्टला कॉमन ॲपचा नवा फॉर्म उघडतो. त्याआधी कामांची यादी आणि निबंधाचा कच्चा मसुदा तयार हवा. लवकरच्या फेरीची (वर सांगितलेलं ‘अर्ली डिसिजन’ त्यातलंच) मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, म्हणजे अनेकदा ऐन दिवाळीच्या आसपास. कॉलेज सुट्टीवर आणि प्राचार्य गावी, असं होऊ नये म्हणून सह्या-शिक्के सप्टेंबरातच उरका. कॅलिफोर्निया विद्यापीठाची मुदत नोव्हेंबरअखेरच्या सुमाराला, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. लवकरच्या फेरीचे निकाल डिसेंबरच्या मध्याला, बाकीचे मार्चअखेरपर्यंत. आपलं उत्तर १ मेपर्यंत कळवायचं.

मधे फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा आहे. प्रवेश मिळाला म्हणून ती सोडून देऊ नका. अंतिम गुणपत्रिका त्यांना पाठवावीच लागते आणि अपेक्षित गुणांपेक्षा फार घसरण झाली तर ते विचारतात. सीईटीची नोंदणी अमेरिकेचे निकाल लागायच्या आधीच बंद होते, त्यामुळे तो फॉर्म वेळेत भरा, फी गेली तरी चालेल.